बफर सोडल्यानंतर केव्हातरी कोसळणारी यंत्रणा : ड्रायव्हरमधील मेमरी मॅपिंगच्या दोषाचे निदान आणि निवारण

ठाण्याची वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा रबाळे, महापे, तुर्भे हा औद्योगिक पट्टा, या भागात स्वतःची मोजमाप-कार्डे, तपासणी कॅमेरे आणि यंत्रनियंत्रक तयार करणारे लहान गट बरेच आहेत. कार्ड स्वतःचे असल्यामुळे त्याचा लिनक्स ड्रायव्हरही (कार्ड आणि लिनक्स यांना जोडणारा कोड) त्यांना स्वतःच लिहावा लागतो, आणि अशा ड्रायव्हरबाबत एकच तक्रार माझ्यापर्यंत पुन्हा पुन्हा येते. कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहून, बफर (माहिती तात्पुरती ठेवण्याची मेमरी) भरते, ड्रायव्हर तो बफर एमएमॅपद्वारे, म्हणजे प्रोग्रॅमच्या पत्त्यांशी जोडून (मॅप करून), प्रोग्रॅमला थेट दाखवतो, आणि कार्यालयातील टेबलावर हे सारे विनातक्रार चालते. तळोज्यातील किंवा पाताळगंगेतील ग्राहकाच्या कारखान्यात यंत्र बसवल्यावर मात्र, पाळी बदलताना ऑपरेटरने कॅमेऱ्याचे रिझोल्यूशन बदलले किंवा केबल काढून पुन्हा लावली, की त्यानंतर कधी दहा मिनिटांनी तर कधी दुसऱ्या दिवशी संपूर्ण यंत्रणा कोसळते.

कोसळण्याची जागा दर वेळी निराळी असते. एकदा फाइल सिस्टिम चेकसम (माहिती शाबूत आहे का ते पडताळणारी संख्या) जुळत नसल्याचे सांगते, एकदा नेटवर्कच्या कोडमध्ये लिंक्ड लिस्ट तुटलेली सापडते, तर एकदा ड्रायव्हरशी काडीचाही संबंध नसलेल्या प्रोसेसच्या नावाने ‘बॅड पेज मॅप’ असा संदेश उमटतो. ड्रायव्हरचे नाव त्या लॉगमध्ये कोठेच नसते. त्यामुळे संशय आधी रॅमवर, मग एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या भागावर) आणि पावसाळा असेल तर दमट हवेने गंजलेल्या कनेक्टरवर जातो. बोर्ड बदलला जातो आणि नव्या बोर्डावरही तोच प्रकार घडतो. बोर्ड बदलूनही दोष टिकला असेल आणि कोसळण्यापूर्वी बफरचा आकार बदलणे, प्रोग्रॅम अर्धवट बंद होणे किंवा उपकरण काढणे यांपैकी काही घडले असेल, तर हार्डवेअर बाजूला ठेवून ड्रायव्हरच्या एमएमॅप फंक्शनकडे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संशयाची खातरजमा

सर्वप्रथम बफर कोणत्या पद्धतीने मॅप झाला आहे, ते पाहावे. प्रोग्रॅम चालू असताना प्रॉक डिरेक्टरीतील त्या प्रोसेसची ‘एसमॅप्स’ ही फाइल वाचली, की आपल्या उपकरणाच्या नावाखालील तपशिलात ‘व्हीएमफ्लॅग्ज’ अशी एक ओळ दिसते. तिच्यात ‘पीएफ’ ही खूण असेल, तर तो भाग निव्वळ पेज फ्रेम क्रमांकांच्या (पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, फ्रेम क्रमांक म्हणजे त्याची भौतिक मेमरीतील जागा) आधारे मॅप केलेला आहे आणि त्यातील पेजचा हिशेब या मॅपिंगच्या बाजूने ठेवला जात नाही, असे समजावे. ‘एमएम’ ही खूण असेल, तर त्या भागात हिशेब ठेवलेली पेजही असू शकतात. उपकरणाच्या रजिस्टरांसमोर (त्याचे नियंत्रण करणाऱ्या आतील नोंदजागांसमोर) ‘पीएफ’ दिसणे अगदी योग्य आहे. परंतु कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) साध्या रॅममधून घेतलेल्या बफरसमोर ती खूण दिसली, तर तो बफर ड्रायव्हर केव्हा सोडतो, हा पुढचा प्रश्न होतो.

केसॅन (कर्नलमधील मेमरीचे दोष पकडणारे साधन) चालू करून काहीच सापडले नाही, म्हणून ड्रायव्हर निर्दोष आहे, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी बराच वेळ वाया जातो. केसॅन कंपायलरच्या साहाय्याने कर्नलच्या कोडमधील वाचन-लेखनावर पहारा ठेवते. युजर स्पेसमधील (कर्नलबाहेर चालणाऱ्या) प्रोग्रॅमने जुन्या मॅपिंगमधून केलेले लेखन आणि उपकरणाने डीएमएने केलेले लेखन त्या पहाऱ्यातून जातच नाही, म्हणून नेमक्या आपल्या दोषाबाबत केसॅन गप्प राहते. त्याऐवजी पेज पॉयझनिंगचा पर्याय घेऊन कर्नल बिल्ड करावे आणि बूट करताना ‘पेज_पॉयझन=१’ द्यावे. मग सोडलेले प्रत्येक पेज ठरावीक बाइटने भरले जाते, आणि ते पेज पुन्हा वाटपासाठी निघताना तो भरणा शाबूत आहे का, हे तपासले जाते. मधल्या काळात कोणी त्यात लिहिले असल्यास ‘पेजॲलॉक: मेमरी करप्शन’ असा संदेश येतो आणि बिघडलेले बाइट लॉगमध्ये छापले जातात.

ते छापलेले बाइट फार मोलाचे असतात. चाचणीपुरते कार्डाला एक ठरावीक आकृतिबंध पाठवायला लावावे आणि प्रोग्रॅमला बफरमध्ये दुसराच आकृतिबंध लिहायला लावावे. लॉगमध्ये प्रोग्रॅमचा आकृतिबंध सापडला, तर दोष जुन्या मॅपिंगचा आहे; कार्डाचा सापडला, तर बफर सोडण्यापूर्वी डीएमए थांबवले गेलेले नाही. दोन्ही दोषांची बाह्य लक्षणे सारखीच असल्यामुळे हा भेद आधीच केलेला बरा. प्रोग्रॅम बफरमधून केवळ वाचत असेल, तर जुन्या मॅपिंगमुळे यंत्रणा कोसळणार नाही, परंतु ते पेज पुढे ज्याच्या वाट्याला जाईल त्याची माहिती त्या प्रोग्रॅमला दिसत राहील. कोसळणे निदान लक्षात तरी येते. ही गळती मात्र वर्षानुवर्षे कोणाच्याही लक्षात येत नाही, म्हणून मला ती अधिक गंभीर वाटते.

मुळात काय घडते

एमएमॅपची बहुतेक उदाहरणे ‘रीमॅप_पीएफएन_रेंज’ या फंक्शनवर उभी असतात. हे फंक्शन दिलेला फ्रेम क्रमांक प्रोसेसच्या पेज टेबलमध्ये (तिचा कोणता पत्ता कोणत्या पेजवर जातो, त्या यादीत) नोंदवते आणि तेथेच त्याचे काम संपते; त्या पेजचा रेफरन्स काउंट (ते वापरणाऱ्यांची संख्या) ते वाढवत नाही. सातबाऱ्यावर फेरफार न नोंदवता जमिनीचा ताबा देऊन टाकावा, तसा हा व्यवहार आहे : पुढे मूळ मालकाने जमीन विकली, तर कागदोपत्री ती मोकळी असते आणि आत कोणीतरी नांगर चालवत असतो. रजिस्टरे कधीच ‘सोडली’ जात नसल्यामुळे त्यांच्या बाबतीत यात बिघडत नाही. पण ड्रायव्हरने ‘ॲलॉक_पेजेस’ने घेतलेला बफर असाच मॅप केला आणि नंतर तो सोडला, तर कर्नलच्या दृष्टीने ते पेज रिकामे होते आणि दुसऱ्या कोणाला तरी दिले जाते. ते फाइल सिस्टिमच्या कॅशमध्ये गेले तर चेकसम बिघडते, आणि एखाद्या प्रोसेसचे पेज टेबल म्हणून वापरले गेले तर तो ‘बॅड पेज मॅप’ संदेश येतो. प्रत्येक वेळी निराळे लक्षण का दिसते, याचे उत्तर हे आहे.

आता प्रश्न बफर सोडण्याच्या जागेचा. प्रोग्रॅमने उपकरणाची फाइल क्लोज केली की ड्रायव्हरचे ‘रिलीज’ फंक्शन तत्काळ चालते, हा समज सर्वत्र आहे आणि तो बरोबर नाही. प्रत्येक मॅपिंग त्या फाइलचा एक रेफरन्स धरून ठेवते. त्यामुळे फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) बंद झाला तरी शेवटचे मॅपिंग सुटेपर्यंत रिलीज येत नाही. फोर्कने (प्रोसेसची प्रत काढून) मूल प्रोसेस तयार झाली तर तिचे मॅपिंगही स्वतःचा रेफरन्स धरते. म्हणून त्या फाइलपुरता असलेला बफर रिलीजमध्येच सोडणारा ड्रायव्हर या बाबतीत सुरक्षित असतो. धोका इतर जागांवर असतो : ‘आकार बदला’ किंवा ‘थांबा’ अशी आज्ञा प्रोग्रॅमकडून ड्रायव्हरला देणारा आयओसीटीएल हा कॉल, त्रुटी आल्यावर सगळे नव्याने मांडणारा मार्ग, आणि उपकरण काढल्यावर चालणारे ‘रिमूव्ह’. वर उल्लेखिलेल्या रिझोल्यूशनच्या प्रसंगात बहुधा असे असते की चित्र साठवणारा प्रोग्रॅम आकार बदलण्याची आज्ञा देतो, ड्रायव्हर जुना बफर सोडून नवा घेतो, आणि पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जुन्या बफरचे मॅपिंग तसेच राहते. टेबलावर चाचणी घेताना हा दुसरा प्रोग्रॅम कोणी चालवत नाही.

निवारण

बफर साध्या रॅममधून घेतलेला असेल, तर ‘व्हीएम_इन्सर्ट_पेज’ किंवा अनेक पेज एकदम लावणारे ‘व्हीएम_मॅप_पेजेस’ वापरावे. ही फंक्शने प्रत्येक पेजचा रेफरन्स काउंट वाढवतात. ड्रायव्हरने आपला हक्क सोडला तरी मॅपिंग असेपर्यंत ते पेज दुसऱ्या कोणाला मिळत नाही, आणि शेवटचे मॅपिंग सुटल्यावर ते आपोआप मोकळे होते. येथे दोन अडचणी नेमाने येतात. केमॅलॉकने (कर्नलमध्ये लहान तुकडे घेण्याच्या फंक्शनने) घेतलेली मेमरी स्लॅबची, म्हणजे अशा तुकड्यांसाठी राखलेल्या साठ्यातली, असते आणि तिची पेज ही फंक्शने ‘ईइनव्हॅल’ (अवैध मागणी) ही त्रुटी देऊन नाकारतात. ‘ॲलॉक_पेजेस’कडून एका मोठ्या तुकड्यात घेतलेली मेमरी, ती कंपाउंड पेज (एकच मानलेला पेजचा गट) म्हणून मागितलेली नसेल तर, पहिले पेज सोडून पुढच्या पेजवर अडखळते, कारण त्यांचा स्वतंत्र काउंट शून्य असतो. यावर ‘ॲलॉक_पेजेस_एक्झॅक्ट’ हा सोपा उपाय आहे. ते तुकडा फोडून प्रत्येक पेज स्वतंत्र करून देते. सलग भौतिक मेमरीची गरजच नसेल, तर ‘व्हीमॅलॉक_युजर’ने बफर घ्यावा, जो शून्यांनी भरूनच मिळतो, आणि ‘रीमॅप_व्हीमॅलॉक_रेंज’ने तो मॅप करावा.

डीएमएसाठीचा कोहेरंट बफर (प्रोसेसर आणि उपकरण या दोघांना नेहमी सारखाच दिसणारा) याच पद्धतीने हाताळता येत नाही. त्यासाठी ‘डीएमए_एममॅप_कोहेरंट’ आहे आणि तेच वापरावे, परंतु त्या मार्गानेही बहुतांश ठिकाणी पेजचा काउंट वाढत नाही. अशा वेळी आयुष्याचा हिशेब ड्रायव्हरनेच ठेवायचा असतो. प्रत्येक बफरला स्वतःचा काउंटर द्यावा आणि मॅपिंगच्या ‘व्हीएम_ऑप्स’मधील (कर्नलने बोलावण्यासाठी दिलेल्या फंक्शनांच्या यादीतील) ‘ओपन’ व ‘क्लोज’ या फंक्शनांत तो वाढवावा-घटवावा. पहिल्या एमएमॅपच्या वेळी कर्नल ‘ओपन’ बोलावत नाही, म्हणून ती पहिली वाढ एमएमॅप फंक्शननेच करायची असते. त्यानंतर फोर्क झाले, किंवा प्रोग्रॅमने मॅपिंगच्या मधले एखादे पेज सोडल्यामुळे एका मॅपिंगचे दोन तुकडे झाले, तर ‘ओपन’ येते. ‘मॅप झाला आहे की नाही’ एवढाच एक बिट ठेवणारे ड्रायव्हर याच ठिकाणी फसतात : पहिला तुकडा सुटला की बिट शून्य होतो आणि दुसऱ्या तुकड्याखालची मेमरी सोडली जाते.

काउंटर शून्य नसताना आकार बदलण्याची आज्ञा आली, तर ‘ईबिझी’ (वापरात आहे) ही त्रुटी परत करावी, किंवा जुना बफर शेवटच्या ‘क्लोज’पर्यंत अनाथ म्हणून जिवंत ठेवून नवा द्यावा. दुसरा पर्याय वापरणाऱ्याला सोयीचा असला, तरी लहान गटाने पहिला घ्यावा, असे मी सुचवेन. कारण ‘ईबिझी’ आल्याबरोबर जुने मॅपिंग न सोडणारा प्रोग्रॅम उघडा पडतो. उपकरण कॅमेराच असेल, तर हे काहीही स्वतः लिहू नये. व्ही४एल२ या लिनक्सच्या व्हिडिओ-चौकटीतील व्हिडिओबफ२ प्रत्येक बफरचा हाच हिशेब ‘ओपन’ आणि ‘क्लोज’मधून ठेवते, आणि तो कोड असंख्य उपकरणांवर तपासला गेलेला आहे.

निवारणातून उद्भवणारा डेडलॉक

काउंटर आला की त्याला राखणारे लॉक येते, आणि वरील दुरुस्तीनंतर काही दिवसांनी ‘आता यंत्रणा कोसळत नाही, पण प्रोग्रॅम गोठतो’ अशी नवी तक्रार येते. कारण असे की, एमएमॅप फंक्शन चालते तेव्हा कर्नलने त्या प्रोसेसचे ‘एमएमॅप_लॉक’ आधीच घेतलेले असते, आणि आत आपण ड्रायव्हरचे म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारे लॉक) घेतो. दुसरीकडे आयओसीटीएलमध्ये आपण आधी तेच म्युटेक्स घेतो आणि ते हातात असताना ‘कॉपी_टू_युजर’ करतो, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीत माहिती उतरवतो. तेथे पेज फॉल्ट झाला (हवे ते पेज जागेवर नसले) तर कर्नलला एमएमॅप_लॉक हवे असते. एकाच प्रोग्रॅमचे दोन थ्रेड हे दोन मार्ग एकाच वेळी चालले, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात.

चाचणीच्या कर्नलमध्ये लॉकडेप (लॉक घेण्याचा क्रम तपासणारी सोय) चालू ठेवल्यास प्रत्यक्ष गोठण्याची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही मार्ग एकदा चालून गेले की ‘पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी डिटेक्टेड’ हा इशारा मिळतो. उपाय सरळ आहे. मॅपिंगच्या काउंटरसाठी स्वतंत्र, लहान लॉक ठेवावे, आणि ते धरलेले असताना युजर स्पेसला स्पर्श करू नये. द्यायची माहिती आधी स्थानिक स्ट्रक्चरमध्ये उतरवावी, लॉक सोडावे, मग ती प्रोग्रॅमकडे पाठवावी.

उपकरण काढले जाते तेव्हा

‘रिमूव्ह’ हे फंक्शन कोणाची वाट पाहत नाही. उपकरण गेलेले असते, पण फाइल उघडी असते आणि मॅपिंगही जागेवर असते. पीसीआय कार्डाची रजिस्टरे मॅप केलेली असतील, तर साध्या संगणकावर वाचन सर्व एक असलेल्या बिटांनी परत येते; काही एआरएम बोर्डांवर मात्र हेच वाचन थेट बस एररमध्ये जाते. म्हणून रिमूव्हमध्ये प्रथम ‘उपकरण गेले’ अशी खूण लॉकखाली नोंदवावी, मग ‘अनमॅप_मॅपिंग_रेंज’ने सर्व प्रोसेसमधील नोंदी काढून टाकाव्यात, आणि त्यानंतरच मेमरी व रजिस्टरे सोडावीत. हे नीट चालण्यासाठी मॅपिंग आधीच संपूर्ण भरून ठेवण्याऐवजी ‘फॉल्ट’ फंक्शनमधून, ज्या पेजला स्पर्श होईल तेवढेच ‘व्हीएमएफ_इन्सर्ट_पीएफएन’ने भरणे उत्तम. फॉल्ट फंक्शनने तीच खूण त्याच लॉकखाली पाहावी आणि ती दिसल्यास ‘सिगबस’ (बस एररचा, प्रोग्रॅम बंद पाडणारा सिग्नल) द्यावा. खूण नोंदवण्यापूर्वी नोंदी काढल्या, तर त्या मधल्या क्षणात आलेला फॉल्ट पेज पुन्हा लावून मोकळा होतो. हा क्रम उलटा झालेले ड्रायव्हर कमी नाहीत. व्हर्च्युअल मशीनला पीसीआय उपकरण थेट देणाऱ्या व्हीएफआयओ ड्रायव्हरमध्येही, उपकरणाची मेमरी बंद असताना मॅपिंग काढून घेण्याची अशीच व्यवस्था २०२० मध्ये करावी लागली.

सीमातपासणी

मॅपिंग कोठून सुरू करायचे ते सांगणारी ‘व्हीएम_पीजीऑफ’ ही संख्या (ऑफसेट) बाइटमध्ये नसून पेजमध्ये असते, आणि ती प्रोग्रॅमने दिलेली असते. तिचा अर्थ भौतिक पत्ता असा घेणारा ड्रायव्हर प्रोग्रॅमला संपूर्ण मेमरीची किल्ली देतो. २०१२ च्या डिसेंबरमध्ये एक्सिनॉस चिप असलेल्या काही फोनवर ‘एक्सिनॉस-मेम’ नावाच्या उपकरण-फाइलमुळे कोणत्याही ॲपला संपूर्ण रॅम वाचता-लिहिता येते, हे उघड झाले होते. म्हणून व्हीएम_पीजीऑफ हा आपल्याच बफरमधील क्रमांक मानावा आणि त्याची मर्यादा तपासावी.

ही तपासणी बाइटमध्ये करणे घातक ठरते. समजा, ३२ बिटांच्या बोर्डावर आपल्या रजिस्टरांचा भाग ६४ केबीचा, म्हणजे १६ पेजचा आहे. प्रोग्रॅमने १०,४८,५७५ हे ऑफसेट आणि २ पेज लांबी मागितली. बाइटमध्ये ऑफसेट होते ४,२९,४९,६३,२००. त्यात ८,१९२ मिळवले की बेरीज ३२ बिटांच्या बाहेर जाऊन केवळ ४,०९६ उरते. ‘बेरीज ६४ केबीपेक्षा मोठी आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ येते, आणि आपल्या भागाच्या अगदी आधीचे पेज प्रोग्रॅमच्या हाती जाते. फ्रेमबफरच्या एमएमॅपमधील याच जातीचा पूर्णांक ओव्हरफ्लो कर्नल ३.८.९ मध्ये दुरुस्त झाला आणि त्याला सुरक्षा-दोषांच्या यादीत सीव्हीई-२०१३-२५९६ हा क्रमांक मिळाला. योग्य तपासणी पेजमध्ये आणि वजाबाकीने करावी : ऑफसेट १६ पेक्षा मोठे असेल तर नकार, आणि लांबी १६ वजा ऑफसेट यापेक्षा मोठी असेल तरीही नकार. २०१८ पासून कर्नल स्वतःही असा संपूर्ण गुंडाळून जाणारा ऑफसेट आधीच नाकारते. पण बोर्डासोबत मिळणारी अनेक कर्नल त्याहून जुनी असतात, आणि आपला भाग १६ पेजचा आहे हे कर्नलला तसेही ठाऊक नसते. रजिस्टरांसाठी हे सारे स्वतः लिहिण्यापेक्षा २०१३ मध्ये आलेले ‘व्हीएम_आयओमॅप_मेमरी’ वापरावे. ते पत्ता, लांबी आणि ऑफसेट या तिन्हींची तपासणी करून मगच मॅप करते.

ते फंक्शनही एका गोष्टीपासून वाचवत नाही. मॅपिंग पेजच्या पटीतच होते. रजिस्टरे २५६ बाइटची असली तरी त्या पेजवरील शेजारचे सारे प्रोग्रॅमला दिसते, आणि शेजारी क्लॉक किंवा रीसेटची रजिस्टरे असतील तर तो भाग मॅपच करू नये. आयओसीटीएलने काम भागवावे. पेजचा आकार ४,०९६ बाइटच असतो, असेही धरू नये. रास्पबेरी पाय ५ चे नेहमीचे कर्नल १६ केबीची पेज वापरते, त्यामुळे ४,०९६ हा ऑफसेट लिहून ठेवलेला प्रोग्रॅम तेथे ‘ईइनव्हॅल’ घेऊन परततो.

परवानग्यांबाबत थोडेच, पण महत्त्वाचे. बफर केवळ वाचण्यासाठी असेल, तर ‘व्हीएम_राइट’ नाकारणे पुरेसे नाही; प्रोग्रॅम नंतर एमप्रोटेक्टने (परवानगी बदलण्याच्या कॉलने) लेखनाची परवानगी मिळवू शकतो. ती नंतर मिळू देणारा ‘व्हीएम_मेराइट’ हा फ्लॅगही काढावा. प्रोग्रॅमने ‘मॅप_प्रायव्हेट’ मागितल्यास त्याचे लेखन स्वतंत्र प्रतीत जाते आणि उपकरणाला ते कधीच दिसत नाही, म्हणून ती मागणी नाकारावी. मात्र तपासताना ‘व्हीएम_शेअर्ड’ऐवजी ‘व्हीएम_मेशेअर’ पाहावा, कारण फाइल केवळ वाचनासाठी उघडली असेल तर शेअर्ड मॅपिंगमधूनही कर्नल व्हीएम_शेअर्ड काढून टाकते.

संगणकावर चालते, बोर्डावर चालत नाही

कोहेरंट बफरचा कर्नलमधील पत्ता ‘व्हर्ट_टू_फिज’ला (भौतिक पत्ता काढणाऱ्या फंक्शनला) देऊन मिळालेला क्रमांक मॅप करण्याची पद्धत एक्स८६ संगणकावर बहुधा चालून जाते. एआरएम बोर्डावर तो पत्ता पुष्कळदा वेगळ्या, नव्याने मॅप केलेल्या भागातला असतो, आणि मिळणारा क्रमांक निव्वळ निरर्थक असतो. डीएमए हँडललाच (उपकरणाला दिल्या जाणाऱ्या बफरच्या पत्त्यालाच) भौतिक पत्ता समजणे तितकेच चूक, कारण आयओएमएमयू (उपकरणाच्या पत्त्यांचे भाषांतर करणारा घटक) असेल तर तो उपकरणाच्या नजरेतला पत्ता असतो. दोन्हींवर उपाय एकच : डीएमए_एममॅप_कोहेरंट.

दुसरी तक्रार ६४ बिटांच्या एआरएमवर येते. बफरमधून मेमकॉपी केली की प्रोग्रॅम सिगबस खाऊन मरतो, आणि एकेक शब्द वाचला तर चालतो. तेथे ‘पीजीप्रॉट_नॉनकॅश्ड’ने मॅप केलेली मेमरी डिव्हाइस प्रकारची होते, आणि त्या प्रकारात शब्दसीमेवर नसलेले वाचन-लेखन चालत नाही, मेमसेट वापरत असलेली कॅशओळ शून्य करण्याची सूचनाही चालत नाही. रजिस्टरांसाठी तो प्रकार योग्यच आहे. रॅममधील बफरसाठी ‘पीजीप्रॉट_राइटकंबाइन’ घ्यावा, आणि कर्नलमध्ये त्याच मेमरीचे कॅश होणारे मॅपिंग वापरात असेल तर तसे दोन परस्परविरोधी प्रकार एकत्र ठेवू नयेत.

कर्नल ६.३ पासून ‘व्हीएम_फ्लॅग्ज’मध्ये थेट लिहिता येत नाही, कंपायलर तो सदस्य केवळ वाचनासाठी असल्याची त्रुटी देतो. कास्ट करून ती दडपू नये. ‘व्हीएम_फ्लॅग्ज_सेट’ आणि ‘व्हीएम_फ्लॅग्ज_क्लिअर’ ही फंक्शने त्यासाठीच दिलेली आहेत.

ग्राहकाकडे पाठवण्यापूर्वी

लॉकडेप आणि पेज पॉयझनिंग चालू असलेल्या कर्नलवर एक लहानसा चाचणी-प्रोग्रॅम चालवावा. त्याने बफरपेक्षा एक पेज जास्त मागावे, शेवटच्या पेजपासून दोन पेज मागावीत आणि वरील उदाहरणातील प्रचंड ऑफसेट मागावा. या तिन्हींना नकार मिळाला पाहिजे. नंतर मॅपिंगचे मधले पेज सोडून द्यावे, फोर्क करून मूळ प्रोसेस संपवावी, आणि मूल प्रोसेसच्या मॅपिंगमध्ये लेखन चालू असतानाच दुसऱ्या प्रोग्रॅमकडून आकार बदलण्याची आज्ञा द्यावी. येथे ‘ईबिझी’ यायला हवे, आणि मुलाने मॅपिंग सोडल्यावर तीच आज्ञा यशस्वी व्हायला हवी. ही फेरी रात्रभर चालवावी आणि सोबत मोठ्या फाइलची नक्कल करत राहावी, म्हणजे सोडलेली पेज लवकर दुसऱ्या कामाला लागतात आणि दोष लपून राहत नाही. लेखन चालू असताना केबल काढण्याची चाचणी सर्वांत शेवटी घ्यावी, कारण ती फसली तर बोर्ड पुन्हा बूट करावा लागतो आणि आधीच्या फेऱ्यांचा लॉग हाती लागत नाही. तो सिरिअल कन्सोलवरून दुसऱ्या संगणकात उतरवून ठेवलेला असावा.